घर कारखान्यातून येते तेव्हा

मॉड्युलर घर या एका नावाखाली सध्या आपल्याकडे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. बांधकामाच्या साइटवरचे पोर्टा केबिन, जुना कंटेनर कापून केलेले फार्महाऊस, लोखंडी सांगाड्यावर पफ पॅनेल बसवून उभी केलेली खोली, प्रीकास्ट भिंतींची बारा मजली इमारत, आणि खरोखर कारखान्यात पूर्ण होऊन ट्रकवर चढणारे घर. किंमत, आयुष्य, ऊन-पावसात टिकण्याची ताकद, कर्ज मिळण्याची शक्यता, सगळ्याच बाबतींत या पाचांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी जाहिरातीत पाचही एकाच शब्दात येतात आणि आयुष्यभराची पुंजी लावणारा माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवतो. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे. पुढची प्रकरणे वाचण्याआधी हा गुंता सुटावा, यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

आपल्या ओळखीचे घर जागेवर घडते. पाया खणला जातो, जोते येते, सेंटरिंग लागते, स्लॅब पडतो, त्यावर पाणी मारण्यात दिवस जातात. मग गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशी बसवणारे, रंगारी असे एकामागून एक हात फिरतात. प्रत्येकाला आधीच्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते. एक जण सणाला गावी गेला की पुढचे चौघे खोळंबतात. मॉड्युलर पद्धतीत ही वाट पाहणे संपते. जागेवर पाया होत असतानाच शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या शेडमध्ये खोल्या तयार होत असतात; भिंती, छत, वायरिंग, नळ, बाथरूमच्या टाइल्स, खिडक्यांच्या काचा, सगळ्यासकट. अशा तयार खोलीला मॉड्यूल म्हणतात. ती ट्रकवरून येते, क्रेनने पायावर उतरते, शेजारच्या खोलीला जोडली जाते आणि पाणी, वीज, सांडपाणी यांच्या जोडण्या होतात. शेडमध्ये जुलैचा पाऊस लागत नाही, एकच माणूस तेच काम रोज त्याच जागी करतो, आणि चूक झाली तर ती घर बाहेर पडण्याआधी दिसते.

भिंती आणि स्लॅब सुटे ओतून आणून जागेवर जोडले, तर ते प्रीकास्ट बांधकाम. त्यात प्लास्टर, नळ, रंग ही निम्मीअधिक कामे जागेवरच राहतात. मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये सर्रास दिसणारे मायवन, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत, वेगवान आहे खरी. पण ते काँक्रीट जागेवरच ओतले जाते, त्यामुळे त्याला मॉड्युलर म्हणता येणार नाही. पोर्टा केबिन कारखान्यातून पूर्ण होऊन येते, पण ते मुळात तात्पुरत्या वापरासाठी केलेले असते. ते पायाला जखडलेले नसते आणि त्याचा पत्रा, जोड, सांगाडा यांच्याकडून दोन पिढ्यांची अपेक्षा कोणी केलेली नसते.

अमेरिकेत ही सीमारेषा कायद्यानेच आखली आहे. कायम लोखंडी चासीवर बांधलेल्या, ज्यांना लोक अजूनही मोबाइल होम म्हणतात, त्या घरांसाठी तिथे १५ जून १९७६ पासून केंद्र सरकारची वेगळी बांधकाम संहिता लागू आहे. अशा प्रत्येक घराच्या बाहेरच्या अंगाला लाल धातूची पट्टी असते. मॉड्युलर घराला मात्र शेजारच्या विटा-लाकडाच्या घराला लागू असणारेच स्थानिक बांधकाम नियम पाळावे लागतात आणि ते कायमच्या पायावर बसते. या फरकाचे परिणाम फार खोलवर जातात. चासीवरच्या घराची नोंद बऱ्याचदा वाहनासारखी जंगम मालमत्ता म्हणून होते, त्यावरचे कर्ज महाग असते, आणि ते अनेकदा भाड्याच्या जमिनीवर उभे असते. जमिनीचे भाडे वाढले तर घर उचलून दुसरीकडे नेण्याचा खर्च गरीब कुटुंबाला झेपत नाही. घर स्वतःचे असूनही माणूस भाडेकरूच राहतो. आपल्याकडे खरेदीदाराला एका नजरेत फरक सांगणारी अशी पट्टी घरावर नसते. म्हणून प्रश्न त्यालाच विचारावे लागतात.

आता स्वस्ताईचे पाहू. कारखान्यात बनते म्हणून स्वस्त, ही समजूत फार जुनी आहे आणि ती अनेक देशांना महागात पडली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९४४ च्या कायद्याखाली दीड लाखाहून अधिक तयार बंगल्या उभारल्या. त्यांतली ॲल्युमिनियमची बंगली युद्ध संपल्यावर मोकळ्या पडलेल्या विमान कारखान्यांत बनत असे आणि चार भागांत लॉरीवरून येई. कामगार कुटुंबांना पहिल्यांदाच घरात बाथरूम, बसवलेले स्वयंपाकघर आणि फ्रिज मिळाला. खर्च मात्र ठरवल्यापेक्षा बराच वर गेला. ही घरे दहा-एक वर्षांसाठी होती. प्रत्यक्षात लंडनमधल्या कॅटफर्डच्या एक्सकॅलिबर वसाहतीत लोक साठ वर्षांनंतरही राहत होते आणि पाडापाडीच्या विरोधात भांडत होते. २००९ मध्ये तिथली सहा घरे वारसा म्हणून जाहीर झाली. लोकांना आवडलेले घर आणि सरकारला स्वस्त पडलेले घर या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्या वसाहतीने दाखवले. मॉन्ट्रियलमध्ये मोशे साफदी यांनी १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ३५४ काँक्रीटच्या खोल्या एकमेकींवर रचून हॅबिटॅट ६७ उभारले, तेही परवडणाऱ्या घरांचा नमुना म्हणूनच. इतक्या थोड्या खोल्यांसाठी साचे, क्रेन आणि कारखाना उभा करावा लागल्याने एकेक घर भलतेच महाग झाले. आज ती श्रीमंतांची वस्ती आहे.

आपल्या देशाचा अनुभव याहून बोलका आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. फाळणीनंतर लाखो निर्वासित दिल्लीत आले होते. जर्मनीतून नाझींच्या छळामुळे बाहेर पडलेले आणि म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद म्हणून काम केलेले ओटो कोनिग्सबर्गर १९४८ मध्ये केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले. एका ब्रिटिश कंपनीच्या तंत्रज्ञानावर दिल्लीच्या जंगपुऱ्यात सरकारी घरांचा कारखाना सुरू झाला. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची पॅनेल तिथे बनायची आणि ती जोडून निर्वासितांसाठी झटपट घरे व्हायची, अशी योजना होती. पॅनेलना तडे जाऊ लागले, उत्पादन रखडले, संसदेत टीका झाली आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर देश सोडून गेले. कारखाना पुढे हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी या नावाने पुन्हा उभा राहिला, नंतर हिंदुस्तान प्रीफॅब झाला, आणि घरांबरोबरच रेल्वेचे काँक्रीट स्लीपर बनवू लागला. मला या कहाणीतले अपयश तंत्राचे कमी आणि घाईचे जास्त वाटते. परदेशातले मिश्रण इथल्या मालाने, इथल्या हवेत नीट जमते का, हे पाहायला जो वेळ द्यायला हवा होता तो त्या दिवसांत कोणाकडेच नव्हता. स्लीपर मात्र जमले, कारण रेल्वेला ते दरवर्षी लागत होते आणि एकाच मापाचे लागत होते.

इथेच सगळ्या हिशेबाचे मर्म आहे. काम नसले की बांधकामाचा कंत्राटदार माणसे घरी पाठवतो. त्याची झळ मजूर सोसतो, आणि म्हणूनच जागेवरचे बांधकाम कागदावर स्वस्त दिसते. कारखान्याला शेडचे भाडे, क्रेन, साचे, कायम पगारावरची माणसे यांचा खर्च ऑर्डर असो वा नसो, दर महिन्याला येतोच. म्हणून मॉड्युलर घराची किंमत त्यातल्या पत्र्यावर किंवा काँक्रीटवर कमी आणि कारखाना वर्षाचे किती महिने भरलेला राहतो यावर जास्त ठरते. अमेरिकेतली कटेरा ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरचे भांडवल मिळूनही २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये २०२३ च्या मे महिन्यात लीगल अँड जनरलने यॉर्कशरमधला आपला घरांचा कारखाना थांबवला आणि पुढच्याच महिन्यात इल्क होम्स बुडाली. या दोन्ही ब्रिटिश कंपन्यांना पुरेशा आणि सलग ऑर्डर मिळाल्या नाहीत. तिथे जमिनीच्या परवानग्यांना लागणारा वेळ कारखान्याच्या वेळेशी जुळेना.

याउलट जपानमध्ये १९५९ मध्ये दाइवा कंपनीने तीन तासांत जोडता येणारी अभ्यासाची छोटी खोली बाजारात आणली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सेकिसुई हाइमची पेटीसारख्या खोल्यांची घरे आली. तिथे मागणी दशकानुदशके टिकली, म्हणून उद्योगही टिकला. पण जपानी मॉड्युलर घर सर्वांत स्वस्त म्हणून विकले जात नाही. अचूक काम, भूकंपात टिकण्याची हमी आणि विक्रीनंतरची देखभाल यांच्या बळावर ते विकले जाते. स्वीडनमध्ये इकिया आणि स्कान्स्का यांनी १९९० च्या दशकात बूक्लूक ही लाकडी मॉड्यूलची योजना आणली तेव्हा हिशेब उलट्या टोकाने मांडला. एकट्याच्या पगारावर मूल वाढवणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याचा खर्च भागल्यावर किती उरते ते आधी पाहिले आणि घर त्या आकड्यात बसवले. परवडणारे हा शब्द वापरायचा तर तो असाच वापरायला हवा.

महाराष्ट्राला या क्षेत्रात नवखे म्हणता येणार नाही. बी. जी. शिर्के यांनी स्वीडनच्या सिपोरेक्स तंत्रज्ञानाचा हलक्या काँक्रीटचा कारखाना १९७० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला उभा केला. पुण्या-मुंबईचे गवंडी आजही कोणत्याही कंपनीच्या हलक्या ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात, इतका तो मुरला. पुढे त्यांच्याच कंपनीने पोकळ प्रीकास्ट कॉलम, तुळया आणि हलके स्लॅब यांची थ्री-एस पद्धत वापरून म्हाडाच्या अनेक वसाहती बांधल्या. नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोने २०२१-२२ मध्ये प्रीकास्ट पद्धतीने ९६ सदनिका ९६ दिवसांत उभ्या करून दाखवल्या. ही सुट्या भागांची कामे आहेत. खोलीच्या खोली आणून बसवण्याचा मोठा सरकारी प्रयोग झाला तो रांचीत. १ जानेवारी २०२१ रोजी केंद्राने सहा शहरांत सहा निरनिराळ्या तंत्रांचे लाइट हाऊस प्रकल्प सुरू केले. रांचीच्या वाट्याला काँक्रीटच्या तयार खोल्यांचे तंत्र आणि १००८ घरे आली. बारा महिन्यांचे उद्दिष्ट होते. चेन्नईचा प्रीकास्ट प्रकल्प मे २०२२ मध्ये पुरा झाला. रांचीच्या लोकार्पणाला मात्र २०२४ उजाडले. जागेवरून सुरुवातीलाच स्थानिक लोकांचा विरोध झाला होता. खोली कितीही लवकर ओतली, तरी ती ठेवायची जमीन निर्वेध नसेल तर तो वेग वाया जातो.

खोलीची रुंदी रस्ता ठरवतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेले नसते. आपल्या मोटार वाहन नियमांत वाहनाची रुंदी साधारण २.६ मीटरच्या आत हवी. त्याहून रुंद माल न्यायचा तर खास परवानगी, ठरावीक वेळ आणि मार्ग. मालवाहू कंटेनर बाहेरून आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर रुंद असतो. आतून उष्णतारोधक थर आणि अस्तर लावले की सव्वासात फूटही धड उरत नाही. पलंग टाकला की बाजूने जेमतेम एक माणूस जातो. दोन कंटेनर शेजारी जोडून मधली भिंत कापली की खोली मोठी होते, पण लोखंडी पेटीची ताकदच त्या भिंतीत असते, म्हणून नवे आधार द्यावे लागतात आणि स्वस्ताई तिथेच संपते. शिवाय शेवटचे दोन किलोमीटर. कुंभार्ली किंवा वरंधा घाटातली वळणे, वाडीकडे जाणारी पाखाडी, रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, क्रेनचे पाय टेकायला नसलेली सपाट जागा. कोकणात जांभा चिरा दाराशी मिळतो आणि तो रचणारा गवंडी गावात असतो. तिथे एका घरासाठी पेटी आणि क्रेन चढवणे क्वचितच परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट जोडांची. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या रोनन पॉइंट या तयार भिंतींच्या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे गेली. भिंती मजबूत होत्या, त्यांना एकमेकींशी बांधणारे जोड कमकुवत होते. २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये प्रीकास्ट भागांच्या काही शाळाही जोडांपाशीच दगा खाऊन पडल्या. एक-दोन मजल्यांच्या घराला एवढा धोका नसेल, पण आपल्या पावसाला जोड बरोबर सापडतो. माथेरान-महाबळेश्वरच्या माऱ्यात छतांच्या सांध्यावरचे सिलिकॉन किती वर्षे टिकते, किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बोल्ट किती वर्षांत गंजतो, चंद्रपूरच्या मे महिन्यात ५० मिलिमीटरचे पॅनेल पुरते की १००, आणि आतला फोम पेटल्यावर काय होते, या प्रश्नांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. ते न वाचता कोणी बयाणा देऊ नये.

मॉड्युलर घर हवे तेव्हा वाढवता येते, असे सांगितले जाते. वाढवता येणे ही आपल्याकडच्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबाची खरी गरज आहे. आधी एक खोली, मुलाच्या लग्नाला दुसरी, हातात पैसा आला की वर मजला. मुंबईत चारकोप आणि गोराईला १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने लोकांना पायाभूत सोयींसह छोटे भूखंड दिले गेले आणि घरे त्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाढवली. त्या वस्त्या आज नांदत्या आहेत. विटांच्या घराला वाढवायला कोणताही गवंडी चालतो. मॉड्युलर घराला दहा वर्षांनी तीच कंपनी, तेच माप, तोच जोड लागतो. टोकियोतल्या नाकागिन टॉवरच्या १४० खोल्या दर २५ वर्षांनी बदलता येतील अशा १९७२ मध्ये रचल्या होत्या. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये इमारत उतरवावी लागली.

कायद्याबद्दल थोडक्यात. हलवता येते म्हणून परवानगी लागत नाही, हे विक्रेत्याचे वाक्य खरे मानू नका. बांधकाम नियमांतली इमारतीची व्याख्या साहित्यावर अवलंबून नसते. शेतजमिनीवर राहते घर ठेवायचे तर ग्रामपंचायत किंवा नियोजन प्राधिकरण आणि बिनशेतीचा प्रश्न येतोच. गृहकर्ज जमिनीसह तारण ठेवलेल्या स्थावर घरावर मिळते, नुसत्या पेटीवर नाही. करही वेगळा. २०१९ पासून परवडणाऱ्या गटातल्या बांधकामाधीन सदनिकेला १ टक्का जीएसटी आहे, तर तयार घर वस्तू म्हणून घेतले की कितीतरी जास्त दर लागतो. सरकारने ही विषमता दूर करायला हवी. त्याशिवाय या घरांना परवडणारे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

एवढे सगळे सांगूनही मी हे पुस्तक उत्साहाने वाचकांपुढे ठेवत आहे, कारण या तंत्राची गरज असलेली माणसे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेली कुटुंबे चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवली गेली आणि पक्की घरे मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ तिथेच राहिली. उघड्यावर किंवा शाळेच्या वर्गात राहण्यापेक्षा ते निश्चितच बरे होते. पण चांगल्या उष्णतारोधक, पुढे कायमच्या पायावर बसवता येतील अशा खोल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आधीच तयार असत्या, तर त्या माणसांना दोनदा बिऱ्हाड हलवावे लागले नसते. सह्याद्रीत दरवर्षी दरडी कोसळतात. ही मागणी अनपेक्षित म्हणता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या कोपी दर हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात उभ्या राहतात, बाळंतिणी आणि तान्ही मुले तिथे थंडी काढतात. एमआयडीसीतला मजूर दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांबरोबर झोपतो. दुर्गम आरोग्य केंद्रांत परिचारिकेला राहायला खोली नसते. इथे एकाच मापाच्या हजारो खोल्या लागतात, जमीन संस्थेच्या ताब्यात आहे आणि मागणी वर्षानुवर्षे सलग आहे. कारखाना भरलेला ठेवायला लागणाऱ्या सगळ्या अटी या ठिकाणी पुऱ्या होतात. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण कुटुंबाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्या पैशांत स्वतः राबून, गावच्या गवंड्याला हाताशी धरून बांधलेले घरच त्याला पुरते; त्याच्या गळ्यात मॉड्यूल मारू नये. राज्य सरकारने, साखर संघाने आणि औद्योगिक महामंडळाने मात्र पाच वर्षांची सलग मागणी एकत्र नोंदवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि स्वतःसाठी असे घर घेऊ पाहणाऱ्या वाचकाला एवढेच सांगतो. दर चौरस फुटाला किती, हे सर्वांत शेवटी विचारा. आधी पाया, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक आणि जोडण्या धरून पूर्ण रक्कम लेखी घ्या. दहा वर्षांनी छताचा जोड गळला तर कोण येईल, ते करारात लिहून घ्या. त्याच कंपनीच्या, निदान पाच पावसाळे काढलेल्या घराचा पत्ता मागा आणि जुलैमध्ये, विक्रेत्याला बरोबर न घेता, त्या घरात राहणाऱ्यांना भेटून या.